अर्ध्या किलोचा बाळ्या

माणसाला शहाणपण कुठं गाठेल याचा काही नेम नाही. मला ते जालन्यात गाठलं, अंगणवाडी सेविकांच्या शिबिरात, हातात चहाची किटली असताना.

साल अठ्ठ्याऐंशी. मी भोकरदनला तालुक्याच्या एका कचेरीत कनिष्ठ लिपिक होतो. शिबिरात बेचाळीस बाया आणि एक पुरुष, तो पुरुष मी. हजेरीपटावर सह्या घ्यायच्या, दोन वेळा चहा वाटायचा आणि संध्याकाळी सतरंज्या गुंडाळायच्या, एवढं काम. आमचे बडेबाबू अप्पाराव मला पाठवताना म्हणाले होते, "बद्रीनाथ, तिथं शांत माणूस लागतो. तुम्हीच जा." हे मी घरी सांगितलं तेव्हा आमची दुर्गा एवढी हसली की तव्यावरची भाकर करपली.

तिचं हसणं बरोबर होतं, हे कबूल करावं लागतं. तापटपणात आमच्या घराण्याचं हसनाबादेत नाव आहे. माझे आजोबा बैलावर रागावून स्वतः दोन दिवस जेवले नव्हते. वडिलांनी एकदा एस.टी. चुकली म्हणून स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या पाटीला काठीनं झोडपलं होतं, आणि वर पाटीलाच विचारलं होतं, "आता बोल." त्या मानानं मी निवळलेला. निदान माझी तशी समजूत होती.

पण शिबिराच्या आठ दिवस आधी एक गोष्ट झाली होती. आमची मंजी, म्हणजे मंजूषा, तेव्हा अडीच वर्षांची. तिनं माझी शाईची दौत उचलली आणि कचेरीतून घरी आणलेल्या कागदांवर पालथी घातली. मी चापट मारली. चापट कसली, गालावर बोटं उमटली. ती लगेच रडलीसुद्धा नाही. आधी माझ्याकडे नुसती बघत राहिली, हा माणूस आपल्या ओळखीचा आहे का, अशा नजरेनं. मग रडली. त्या दिवसापासून मी घरात शिरलो की ती आईच्या साडीमागं जाऊन उभी राहायची, आणि हाक मारली की फक्त एक डोळा बाहेर काढायची. दुर्गा म्हणायची, "विसरंल दोन दिवसांत." दोनाचे आठ झाले. मला जेवण गोड लागेना. आपलं लेकरू आपल्याला भिऊन राहिलंय, ही गोष्ट कचेरीत कुणाला सांगण्यासारखी नसते.

म्हणून मी त्या शिबिरात किटली घेऊन उभा राहिलो आणि ऐकतच राहिलो. औरंगाबादहून एक बाई शिकवायला आल्या होत्या. जाड चष्मा आणि आवाज हळू, इतका हळू की तो ऐकू यावा म्हणून बेचाळीस बाया आपोआप गप्प बसत. त्या म्हणाल्या, "दोन-तीन वर्षांचं लेकरू तुम्हाला छळायचं म्हणून हट्ट करत नसतं. त्याला काहीतरी सांगायचं असतं, पण शब्द नसतात. म्हणून ते जमिनीवर लोळतं. तुमच्यापाशी शब्द आहेत. मग तुम्ही का लोळता?" सगळ्या हसल्या. मी नाही हसलो. मी किटली खाली ठेवली आणि हजेरीपटाच्या शेवटच्या पानामागं लिहून घेतलं: लेकराच्या उंचीला बसून बोला, त्याला काय वाटतंय ते तुम्ही बोलून दाखवा, आवाज चढवू नका, आणि त्याला खोटं सांगू नका. बागुलबुवा नाही, पोलीस नाही, सुई टोचणारा डॉक्टर नाही. 'खोटं सांगू नका' याच्याखाली मी लाल शाईनं दोन रेघा मारल्या. त्या दोन रेघांनी पुढं माझा जीव खाल्ला. चहा त्या दिवशी थंड गेला आणि त्याची तक्रार अप्पारावांपर्यंत पोचली, ते वेगळंच.

भोकरदनला परत आलो आणि घराच्या उंबऱ्यातच गुडघ्यावर बसलो. दुर्गा म्हणाली, "काय सांडलं?" शेजारच्या झुंबरबाई कुडावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाऊची कंबर धरली वाटतं. मोहरीचं तेल लावा."

"कंबर न्हाई धरली," मी म्हणालो. "लेकराच्या उंचीला बसून राह्यलो."

"तीन दिवस चहा वाटून आले आन् आता लेकरू सांभाळायचं मला शिकवून राह्यले," दुर्गा झुंबरबाईंना म्हणाली. मंजीनं साडीमागून एक डोळा काढला, माझ्याकडे बघितलं आणि डोळा आत घेतला. मी हट्टानं पाऊण तास तसाच बसलो. उठताना कंबर खरोखरच धरली, आणि झुंबरबाईंनी तेलाची बाटली आणून दिली.

आता पुखराजजींविषयी सांगितलं पाहिजे. त्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं राहायचो. ते किराणा आणि धान्याचे व्यापारी. त्यांचे वडील गौतमचंद यांनी दुकान घातलं तेव्हापासून जागा तीच, गादी तीच, आणि पुखराजजींची भीतीही वडिलांचीच, सरकारी कागदाची. दुकानावर आजवर एक शेरा नाही, हे ते दिवसातून एकदा तरी सांगायचेच. मंजीवर त्यांचा फार जीव. ती सकाळी जाऊन गादीवर बसायची आणि गिऱ्हाईक नसलं की ते तिला तराजूच्या मोठ्या पारड्यात बसवून झुलवायचे.

मी शिबिराहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मंजी दुकानातून घरी आली ती अर्ध्या किलोचं लोखंडी वजन दोन्ही हातांनी पोटाशी धरून. दुर्गाच्या जुन्या झंपराच्या तुकड्यात तिनं ते गुंडाळलं, मांडीवर घेतलं आणि थोपटायला लागली. "बाळ्या," ती वजनाला म्हणाली, "निज."

सगळ्यांना कौतुक वाटलं. पुखराजजी म्हणाले, "बच्ची है, राहू द्या. शाम झाली की देऊन टाकंल." संध्याकाळ झाली. दुर्गा वजन काढून घ्यायला गेली आणि मंजीनं अंग टाकून दिलं. तुम्ही लेकरं रडताना पाहिली असतील, पण हे रडण्याच्या आधीचं होतं. तोंड उघडं, आवाज नाही, श्वास नाही, ओठ निळे. दुर्गा घाबरली, झुंबरबाई पाणी घेऊन धावल्या, आणि माझा आवाज चढायच्या बेतात होता. तेवढ्यात मला हजेरीपटाचं ते शेवटचं पान आठवलं. मी फरशीवर बसलो आणि हळू म्हणालो, "मंजे, बाळ्याला घेऊन जातील म्हणून घाबरली का तू? राग आला का आईचा?"

तिनं श्वास घेतला. माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मग मोठ्यानं रडली, आणि रडत रडत, वजनासकट, माझ्या मांडीवर येऊन बसली. इतक्या दिवसांनी. तिचं डोकं माझ्या छातीला आणि अर्धा किलो माझ्या बरगडीत रुतलेला. त्या घटकेला मला कुणी राज्य मागितलं असतं तरी देऊन टाकलं असतं. मागितलं कुणीच नाही, म्हणून मी आपण होऊन शब्द देऊन बसलो. म्हणालो, "मंजे, तुला विचारल्याबिगर बाळ्याला कोणी नेणार न्हाई. बाबानं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. पुखराजजी अर्ध्या किलोसाठी दोनशेची दोन आणि शंभरचं एक अशी तीन वजनं पारड्यात टाकायला लागले. तीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईकसुद्धा थबकलं. "शेठ, हे काय नवं काढलं?" कुणी विचारलं की ते खालमानेनं म्हणायचे, "अर्धा किलो घरी झोपलाय." एक म्हातारा तूरडाळ तशीच ठेवून समोरच्या दुकानात गेला. पुखराजजी संध्याकाळी आमच्या दारावरून जाताना नेहमीपेक्षा जास्त खोकले.

खोकल्यावर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात भोंग्यावरून पुकारा झाला की वजनमापे तपासणारे साहेब गुरुवारी येणार, सगळ्या व्यापाऱ्यांनी आपली वजनं घेऊन कचेरीच्या आवारात यावं. कचेरी म्हणजे आमचीच. पुखराजजी चपला न घालताच माझ्याकडे आले.

"बद्रीभाऊ, पुराने कागदावर पूरा सेट लिहिलेला आहे. साहेब विचारतील, अर्धा किलो कुठं गेला? मी काय जवाब देऊ? नवा आणला तरी जुन्याचा हिसाब द्यावाच लागंल ना. पिताजींच्या दुकानाला पहिला शेरा माझ्या हातून बसणार."

मी कचेरीतला माणूस, मला ती अडचण बरोबर समजली. हरवलं याला रकाना असतो, मोडलं याला रकाना असतो. लेकरू घेऊन झोपलंय याला रकाना नाही. आणि पुखराजजींच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. म्हणजे एकीकडे त्यांच्या वडिलांचं नाव, दुसरीकडे नुकतंच कुठं परत मिळालेलं माझं लेकरू, आणि गुरुवार चार दिवसांवर.

सल्ल्यांना तोटा नव्हता. झुंबरबाई म्हणाल्या, "झोपली की काढून घ्या आन् सकाळी सांगा, मांजरीनं नेलं." दुर्गा म्हणाली, मांजरीपेक्षा कावळा बरा, लेकरू वर बघत बसतं. अर्धा किलो लोखंड चोचीत घेऊन उडणारा कावळा आमच्या तालुक्यात असता तर त्याच्यावर वेगळी फाईल निघाली असती. मी दोघींना सांगितलं, खोटं सांगायचं न्हाई. समोर राहणारे अण्णासाहेब, निवृत्त हेडमास्तर, ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "खोटं न सांगता लेकरू वाढवणार? मंग त्याला जेवू कसं घालणार?" मग त्यांनी पस्तीस वर्षं छडीवर शाळा कशी चालवली ते सांगितलं. पोरं अजून नाव काढतात, म्हणाले. कसं काढतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुर्गानं तिच्या भावाला, मच्छिंद्रला, केदारखेड्याला निरोप धाडला. तो सोमवारी एस.टी.नं आला, पिशवीत एक करडू घेऊन. "दाजी, लेकराला जिता जीव द्या. लोखंड आपोआप सोडंल, बिलकुल गॅरंटी," तो म्हणाला आणि चहा पिऊन परतीच्या गाडीनं गेलासुद्धा. मंजीला करडू मनापासून आवडलं. तिनं बाळ्याला त्याच्यापुढं धरलं आणि म्हणाली, "बाळ्या, बघ, कलडू." आता आमच्या दोन खोल्यांत मंजीची दोन लेकरं, एक लोखंड आणि एक शेळीचं पिल्लू झालं. दुर्गा माझ्याशी बोलेनाशी झाली, जसं काही करडू माझ्या भावानं आणलं होतं.

त्या करडानं मंगळवारी हजेरीपट खाल्ला. सगळा नाही, शेवटचं पान. म्हणजे पुढून बेचाळीस बायांच्या तिसऱ्या दिवसाच्या सह्या, आणि मागून माझं सगळं शहाणपण, लाल रेघांसकट. मी अप्पारावांपुढं लेखी खुलासा ठेवला: 'सदर हजेरीपटाचे अंतिम पान निम्नस्वाक्षरीकाराच्या निवासस्थानी करडाने भक्षण केले असून ते परत मिळण्याची शक्यता नाही.' अप्पारावांनी तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "बद्रीनाथ, मी तुम्हाला शांत माणूस समजलो होतो." पुढं गावोगाव हिंडून त्या सह्या पुन्हा आणायला मला दीड महिना लागला.

बुधवारी संध्याकाळी दुसरा काही इलाजच उरला नाही, म्हणून मी खरं सांगायचं ठरवलं. मंजी बाळ्याला आंघोळ घालून काजळ लावत होती. मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हणालो, "मंजे, उद्या बाळ्याला साहेबाकडं न्यायचंय. तुला अंगणवाडीतल्या काट्याला झोळीत घालून तोलतेत ना, तसं ते बाळ्याला तोलणार."

"मंग?"

"मंग त्याच्यावर शिक्का मारणार. हातोडीनं."

"हातोडीचं कशाला सांगायलेत," दुर्गा चुलीपासून म्हणाली.

"दुखतं?" मंजीनं विचारलं.

लोखंडाला दुखतं का, हे शिबिरात आलं नव्हतं. मी म्हणालो, "बाळ्याला दुखत न्हाई. पण ठक्क असा आवाज होतो, त्याची आपल्याला भीती वाटंल."

तिनं बाळ्याला काजळाचं उरलेलं बोट लावलं आणि म्हणाली, "मी धलते." मी पुखराजजींना जाऊन सांगितलं, मंजूर झालं म्हणून. ते म्हणाले, "साहेबानं?" मी म्हणालो, "न्हाई, मंजीनं."

गुरुवारी आमच्या कचेरीच्या आवारात लिंबाखाली टेबल मांडलं होतं. तालुक्यातले व्यापारी पोत्यांत, पेट्यांत वजनं घेऊन ओळीनं बसलेले. कचेरीचा सगळा स्टाफ खिडक्यांत, मधल्या खिडकीत अप्पाराव. डिसेंबरची सकाळ होती. स्वेटर घातलेली मंजी माझ्या कडेवर, आणि तिच्या कडेवर झंपरात गुंडाळलेला बाळ्या. पुखराजजींची बाकी वजनं एकेक करून काट्यावर चढली, उतरली, सगळी बरोबर निघाली. साहेबांनी कागद बघितला. "अर्धा किलो?"

"येऊन राह्यला, साहेब," पुखराजजी म्हणाले.

मी पुढं झालो. साहेब कोरड्या चेहऱ्याचे, मफलर बांधलेले गृहस्थ होते. गाठोड्याकडे बघून म्हणाले, "हे कपड्यात का?" मला खोटं सांगायचं नव्हतं. म्हणालो, "त्याला थंडी वाजते म्हणून." खिडक्यांत खसखस पिकली. मी मंजीला खाली उतरवलं; तिनं झंपर सोडलं, बाळ्याला स्वतःच्या हातानं पारड्यात ठेवलं आणि बोट लावून उभी राहिली. साहेबांनी बोट काढायला लावलं. मग काट्याकडे बघून म्हणाले, "सहा ग्रॅम जास्त."

पुखराजजी मटकन खाली बसले. साहेबांनी वजन पालथं केलं. बुडाला जिथं शिशाचा ठिपका असतो त्या खळग्यात काहीतरी पांढरं घट्ट बसलं होतं. "हे काय भरलंय?" त्यांनी विचारलं.

"दूधभात," मी म्हणालो. "ती रोज भरवते त्याला." आमच्या ध्यानात हे आधी का आलं नाही, याचा खुलासा मी आजही देऊ शकत नाही.

आता सगळी ओळ हसत होती. साहेबांनी पेचकस घेतला आणि खळगा खरवडायला टोक लावलं. त्यानंतर सगळं एका क्षणात झालं. मंजीनं वजन हिसकावलं, मातीत अंग टाकलं, तोंड उघडलं, आणि आवाज नाही, श्वास नाही. "दोन कानाखाली ठेवून द्या," ओळीतून कुणी म्हणालं. "एवढे लाड कशाला," दुसरा म्हणाला. अप्पाराव खिडकीतून ओरडले, "बद्रीनाथ, कचेरीच्या आवारात हे काय चाललंय?" माझे कान तापले. डोक्यात नुसतं हसनाबाद. आणि माझा हात वर गेला. मी तो उचलला असं म्हणत नाही, पण वर गेला तो माझाच होता.

मंजीनं हात पाहिला. तिनं स्वतःचा गाल नाही झाकला. तिनं दोन्ही पंजे बाळ्यावर ठेवले आणि त्याच्यावर पालथी झाली, मार आला तर त्याला लागू नये म्हणून.

मला माझी एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. मी होतो तिथं मातीत बसलो, कचेरीच्या एकुलत्या एक चांगल्या पँटीत. म्हणालो, "मंजे, बाबाचा हात वर गेला. तू घाबरली. सगळे मला हसून राह्यले म्हणून मला राग आला, तुझा न्हाई आला. त्या दिवशी मी तुला मारलं होतं, ते माझं चुकलं. आता न्हाई मारणार." माझा आवाज निघतच नव्हता, म्हणून तो हळू होता. पण काय बोलतोय हे ऐकायला सगळी ओळ गप्प झाली, खिडक्या गप्प झाल्या.

मंजीनं श्वास घेतला. रडली. मी तिला रडू दिलं.

तेवढ्यात टेबलामागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेब फिरून इकडे आले आणि आमच्यासमोर उकिडवे बसले. त्यांचे दोन्ही गुडघे कडकन वाजले. "ताई," ते मंजीला म्हणाले, "बाळ्यानं भात लई खाल्ला. आता काढावा लागंल. मी काढू का तू काढतीस?"

"मी," मंजी म्हणाली.

त्यांनी खिशातून काडेपेटी काढून तिला एक काडी दिली. मंजीनं त्या काडीनं खळगा साफ केला. दहा मिनिटं लागली. तेवढा वेळ तालुक्याचा सगळा व्यापार थांबून होता आणि कुणी घाई केली नाही. मग बाळ्या पुन्हा काट्यावर गेला आणि बरोब्बर अर्धा किलो भरला. पुखराजजींनी हात जोडले, साहेबांना का काट्याला ते समजलं नाही. शिक्का मारताना ठरल्याप्रमाणे मंजीनं दोन्ही हातांनी वजन धरलं. साहेबांनी हातोडी मारली. ठक्क.

तिनं डोळे गच्च मिटले, उघडले. मग बाळ्याला मातीत ठेवलं, त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली, तोंड जमिनीपर्यंत खाली नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "आवाज झाला? घाबलला तू? झालं हं, झालं."

तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. करडाच्या पोटात गेलेलं सगळं पान तिनं तिथं म्हणून दाखवलं होतं. मी लिंबाच्या झाडाकडे बघत राहिलो, कारण कुठंतरी बघणं भाग होतं.

बाळ्याचं पुढं काय करायचं हे मंजीनंच ठरवलं. घरी येताना कडेवरून म्हणाली, "बाबा कचेलीत जातो. बाळ्या दुकानात जाईल." दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी बाळ्याला घेऊन गादीपाशी जायची, पुखराजजींच्या हातात द्यायची आणि बाळ्याला सांगायची, "लडू नको. मी न्यायला येते." दिवसभर बाळ्या डाळी तोलायचा. संध्याकाळी पुखराजजी त्याला पुसून, झंपरात गुंडाळून, तिची वाट बघत बसायचे. असे पाच-सहा महिने गेले. मग एक दिवस ती गल्लीत ठिकरीनं खेळत राहिली आणि आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पुखराजजी गाठोडं घेऊन आमच्या दारात आले आणि म्हणाले, "बेटी, बाळ्या?" मंजी म्हणाली, "राहू द्या ना दुकानात." त्या संध्याकाळी पुखराजजी जेवले नाहीत असं त्यांच्या घरून कळलं.

मी काही त्यानंतर साधू झालो नाही. आवाज खूपदा चढला, दारं आपटली, गणिताच्या वह्या भिरकावल्या. हात मात्र पुन्हा वर गेला नाही.

मंजीचं लग्न झालं दोन हजार आठ साली, भोकरदनलाच. तिच्या पाठवणीच्या वेळी मी जनरेटरवाल्यावर ओरडत होतो, मग टेम्पोवाल्यावर, मग मच्छिंद्रवर, त्याचा तर काही संबंधही नव्हता. सगळे म्हणत होते, आज काय झालंय यांना. शेवटी मी मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून एकटाच बसलो. पुखराजजी तेव्हा ऐंशीला टेकले होते, दुकानात त्यांचा मुलगा बसायचा, काटा विजेवरचा आला होता. ते नातवाचा हात धरून आले आणि मंजीच्या हातात एक छोटी पुडी दिली. पुडी एवढी जड की बायांना वाटलं, चांदी आहे. तिनं सोडली. आत तो झंपराचा तुकडा, आणि त्यात बाळ्या, बुडाला अठ्ठ्याऐंशीच्या शिक्क्यासकट.

ती मांडव ओलांडून माझ्याकडे आली. शालू सावरत माझ्या खुर्चीसमोर खाली गुडघ्यावर बसली, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, राग आला का तुम्हाला? का घाबरले?"

मला खोटं सांगता येईना. "घाबरलो," मी म्हणालो.

तिनं बाळ्याला माझ्या दोन्ही हातांत ठेवलं. "हा तुमच्यापाशी राहू द्या. रडू नका. मी न्यायला येते."

दिवाळीला ती आली होती, चार दिवस राहिली. जाताना बाळ्याला न्यायचं विसरली. मीही आठवण करून दिली नाही.